सोसायटीच्या बागेतील हिवाळी फुलांचा वाफा: कोल्हापूरच्या हवेत काम कोणत्या क्रमाने करावे

ऑक्टोबरमध्ये पावसाने थोडी उघडीप दिली की सोसायटीची समिती जागी होते, वर्गणी निघते, नर्सरीतून फुललेल्या रोपांचा टेम्पो येतो आणि एका दुपारीत वाफा भरून टाकला जातो. दिवाळीपर्यंत तो छान दिसतो. त्यानंतर निम्मी रोपे पिवळी पडतात, उरलेली बसक्या अंगाने तशीच राहतात, आणि दोष माळ्याला दिला जातो. दोष बहुतेक वेळा माळ्याचा नसतो आणि रोपांचाही नसतो. जे काम एप्रिल-मेमध्ये व्हायला हवे होते ते झालेलेच नसते, आणि जे नोव्हेंबरच्या तोंडावर करायचे ते महिनाभर आधी उरकलेले असते.

या लेखात कामाचा क्रम दिला आहे. उदाहरणासाठी ६ मीटर लांब व १.२ मीटर रुंद असा एक वाफा धरला आहे. रुंदी १.२ मीटरपेक्षा जास्त ठेवू नये, कारण दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचला पाहिजे. वाफ्यात पाय देऊन खुरपणी करावी लागली, तर भुसभुशीत केलेली माती पुन्हा दाबली जाते.

## टप्पा १: जागा डिसेंबरच्या उन्हावरून ठरवावी

जागेची पाहणी बहुधा मे महिन्यात, वार्षिक सभेच्या आसपास होते आणि पहिली चूक तिथेच घडते. कोल्हापूर साधारण १६.७ उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि इमारतीच्या उत्तरेकडची मोकळी पट्टीसुद्धा उन्हात न्हाऊन निघते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र भर दुपारीही सूर्य दक्षिणेला कललेला, क्षितिजापासून जेमतेम ५० अंशांवर असतो. त्या वेळी १२ मीटर उंचीच्या इमारतीची सावली उत्तरेला सुमारे १० मीटर पडते. मेमध्ये ‘भरपूर ऊन’ म्हणून निवडलेली पट्टी ऐन फुलांच्या हंगामात दिवसभर सावलीत राहते, आणि झेंडूची रोपे उंच, लुकडी होऊन फुलांवाचून वाढत राहतात.

झेंडू, पिटुनिया, झिनिया, कॉसमॉस, ॲस्टर आणि शेवंती यांना किमान सहा तास थेट ऊन लागते. म्हणून वाफा इमारतीच्या दक्षिणेला किंवा पूर्वेला घ्यावा, अथवा उत्तरेला घ्यायचाच असेल तर इमारतीच्या उंचीइतके अंतर सोडून घ्यावा. गेल्या हिवाळ्यात एखाद्या रहिवाशाने बागेचे छायाचित्र काढले असेल तर ते मागवून घ्यावे, कारण त्यातली सावलीची रेघ कोणत्याही अंदाजापेक्षा खरी असते.

मोठ्या झाडाखालीही वाफा घेऊ नये. तिथे उन्हाबरोबर पाण्याचीही मारामारी असते. झाडाच्या फांद्या छाटून ऊन मिळवण्याचा विचार असेल, तर आधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ हा सोसायटीच्या आवारातील झाडांनाही लागू आहे.

जागा ठरवताना आणखी दोन गोष्टी बघाव्यात. एक म्हणजे पाण्याचा नळ. पाइप पोहोचत नसेल तर बादलीने पाणी घालण्याचा उत्साह दोन आठवडे टिकतो. दुसरी म्हणजे रात्रीचा दिवा. तो कोठे आहे आणि किती वाजेपर्यंत जळतो, हे आताच लिहून ठेवावे. शेवंतीच्या टप्प्यात ते कामाला येईल.

## टप्पा २: एप्रिल-मेमध्ये मातीचे काम

सोसायटीच्या आवारातील माती ही शेतातली माती नसते. बांधकाम संपताना राहिलेला चुना, सिमेंट, विटांचे तुकडे आणि मुरूम यांच्यावर एखादा फूट माती पसरून ‘लँडस्केपिंग’ पूर्ण झालेले असते. ही माती बऱ्याचदा नदीकाठची काळी, चिकण असते, म्हणजे वर पाणी धरून ठेवणारी काळी माती आणि खाली पाणी न जिरवणारा दाबलेला भराव, अशी स्थिती होते. पावसाळ्यात मुळे कुजतात ती याच कारणाने.

पहिली पडताळणी, निचरा. वाफ्याच्या जागी ३० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यावा. तो पाण्याने भरून पूर्ण जिरू द्यावा आणि लगेच पुन्हा भरावा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी चार-पाच तासांत जिरले तर काम सोपे आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीही तळाशी पाणी दिसले, तर त्या जागी सपाट वाफा करूच नये. २० ते २५ सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा करावा आणि उताराच्या बाजूला पाणी काढून देणारी चर खोदावी.

दुसरी पडताळणी, चुना. खड्ड्यातली मूठभर कोरडी माती ताटलीत घेऊन तिच्यावर व्हिनेगरचे काही थेंब टाकावेत. जोरात फेस आला तर मातीत चुन्याचे प्रमाण बरेच आहे. अशा मातीत पिटुनियाची कोवळी पाने पिवळी पडतात, मात्र शिरा हिरव्या राहतात. लोक याला नत्राची कमतरता समजून युरिया टाकत राहतात, पण खरी अडचण लोह शोषले न जाण्याची असते. वरचा भराव काढून चांगली माती भरणे हाच त्यावरचा टिकाऊ उपाय आहे.

पडताळणी झाल्यावर ३० सेंटिमीटर खोल खणून डबर वेचून काढावे आणि ढेकळे तशीच उन्हात तापू द्यावीत. कोल्हापुरात एप्रिल-मेमध्ये वळीव पडतो. वळवाच्या पहिल्या सरीनंतर ढेकळे आपोआप फुटतात, म्हणून खणणी त्याआधी झालेली बरी.

मग खत. कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट एका चौरस मीटरला ५ किलो या हिशेबाने घ्यावे. आपल्या ७.२ चौरस मीटरच्या वाफ्याला ३६ किलो लागेल. त्यात चौरस मीटरला १०० ग्रॅम निंबोळी पेंड मिसळावी. आपल्याकडे साखर कारखान्यांच्या मळीपासून (उसाचा रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळापासून) केलेले कंपोस्टही सहज मिळते आणि ते चांगले असते, मात्र ते पूर्ण कुजलेले हवे. ढिगात हात घातला आणि तो कोमट लागला, किंवा आंबूस वास आला, तर ते आणखी महिनाभर सावलीत ओलसर ठेवावे.

> इशारा. ताजे शेण वाफ्यात कधीही घालू नये. त्यातून हुमणीच्या अळ्या बागेत येतात. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना हुमणी नवी नाही, पण ती फुलझाडांची मुळेही तितक्याच आवडीने खाते. वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी तिचे तपकिरी भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ आणि बोरीवर जमतात. आवारात यांपैकी झाड असेल तर मे-जूनमध्ये अंधार पडल्यावर फांद्या हलवून भुंगेरे खाली पाडावेत आणि साबणाच्या पाण्यात टाकावेत. एका मादीला तेव्हा मारणे हे नंतर डझनावारी अळ्या शोधण्यापेक्षा सोपे असते.

## टप्पा ३: पावसाळ्यात वाफा उघडा ठेवू नये

जून ते सप्टेंबर वाफा मोकळा ठेवला तर पाऊस वरची माती झोडपून घट्ट करतो, खत वाहून जाते आणि लव्हाळा माजतो. यावर दोन मार्ग आहेत.

हिवाळी फुलेच मुख्य हवी असतील तर जूनच्या पहिल्या पावसावर ताग पेरावा. फुलावर येण्याआधी, साधारण ४५ ते ५० दिवसांनी, तो कापून बारीक करून मातीत गाडावा. ताग गाडल्यावर किमान महिनाभर त्या जागी रोपे लावू नयेत, कारण कुजण्याच्या क्रियेत मातीतले नत्र तात्पुरते अडकून पडते.

पावसाळ्यातही फुले हवी असतील तर तेरडा, कोंबडा, बटणफूल आणि झिनिया घ्यावा. यांचे बी जागच्या जागी, बोटभर उंच वरंब्यावर टोकावे. यांत फार कौशल्य लागत नाही. झिनियाच्या पानांवर पांढरी भुकटी पसरते ती दाट लागवडीमुळे, म्हणून ३० सेंटिमीटर अंतर ठेवावे.

या चार महिन्यांतली खरी डोकेदुखी म्हणजे शंखी गोगलगाय. रात्रीत ती कोवळी रोपे बुडापासून साफ करते. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी वाफ्याच्या कडेला पसरून ठेवावे आणि पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचून साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकाव्यात. हे काम हातमोजे घालूनच करावे, लहान मुलांना सांगू नये, आणि मीठ थेट वाफ्यात पसरू नये, कारण गोगलगायीबरोबर मातीही बिघडते.

पंचगंगेच्या पुराचे पाणी येणाऱ्या वसाहतींनी आणखी एक काळजी घ्यावी. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी जवळ आली की कुंड्या आणि रोपांचे ट्रे वर हलवावेत, ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट पाहू नये. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर बागांत साचलेला गाळ ओला असतानाच उपसण्याची घाई अनेकांनी केली. त्या चिखलात पाय पडला की खालची माती विटेसारखी बसते. गाळाला भेगा पडू लागल्या की मगच त्याचे पापुद्रे काढावेत. पातळ थर असेल तर वाफसा आल्यावर, म्हणजे माती चिखलही नाही आणि कोरडीठणठणीतही नाही अशी झाल्यावर, कंपोस्टबरोबर मिसळून टाकावा.

## टप्पा ४: फुलाच्या तारखेपासून मागे मोजून बी पेरावे

सोसायटीच्या बागेला तारखा असतात. दसऱ्याला झेंडू हवा असतो, २६ जानेवारीच्या झेंडावंदनाला ध्वजस्तंभाभोवती रंग हवा असतो. तरीही बी पेरताना कोणी कॅलेंडर उघडत नाही, ‘दरवर्षी जुलैमध्ये पेरतो’ एवढेच ठरलेले असते.

आफ्रिकन झेंडूला पेरणीपासून भर फुलावर येण्यास, शेंडा खुडण्यामुळे लागणारे जास्तीचे दिवस धरून, साधारण ९० ते ९५ दिवस लागतात. २०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला होता, म्हणजे पेरणी २९ जून ते ४ जुलैच्या दरम्यान व्हायला हवी होती. २०२६ साली अधिक ज्येष्ठ आल्यामुळे दसरा २० ऑक्टोबरला आहे आणि तीच पेरणी १७ ते २२ जुलैला येते. तारीख न बदलता पेरले तर फुले दसऱ्याच्या अडीच आठवडे आधीच येऊन परतीच्या पावसात कुजतात. बुटका फ्रेंच झेंडू लवकर, साधारण दोन महिन्यांत फुलतो. उशीर झालाच तर तो घ्यावा.

हिवाळी फुलांसाठी गणित असे आहे. पिटुनियाचे रोप वाफ्यात लावण्याजोगे होण्यास सहा ते सात आठवडे लागतात, साल्व्हिया आणि ॲस्टरला पाच ते सहा आठवडे, डायंथसला सुमारे पाच आठवडे. म्हणून पिटुनिया सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि बाकीचे त्यानंतर पंधरवड्याने पेरावे. झिनिया, कॉसमॉस आणि नास्टर्शियम यांना उपटून लावणे मानवत नाही, त्यांचे बी थेट वाफ्यात टोकावे.

पेरणीची पद्धत. कोकोपीट आणि चाळलेले कंपोस्ट समप्रमाणात घेऊन प्लगट्रे, म्हणजे लहान कप्प्यांचे रोपांचे ट्रे, भरावेत. ट्रे पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या आडोशाखाली, पण उजेडात ठेवावेत. सप्टेंबरात जोरदार सरी येतात आणि एक सर पिटुनियाचे सगळे बी एका कोपऱ्यात गोळा करू शकते. पिटुनियाचे बी धुळीसारखे बारीक असते आणि उगवायला त्याला उजेड लागतो. ते कोरड्या वाळूत मिसळून पृष्ठभागावर पसरावे आणि त्यावर माती टाकूच नये. झेंडूचे बी अर्धा सेंटिमीटर, कॅलेंडुलाचे सुमारे एक सेंटिमीटर खोल जावे. पेरण्याआधी बियांना चिमूटभर ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) चोळावा.

किती पेरावे? ३० सेंटिमीटर अंतराने आपल्या वाफ्यात सुमारे ८० रोपे बसतात, आफ्रिकन झेंडूला ४५ सेंटिमीटर अंतर दिले तर सुमारे ३५. मर धरून गरजेपेक्षा तीस टक्के जास्त पेरावे. त्याहून जास्त पेरले की उरलेली रोपे टाकवत नाहीत आणि मग ती दाटीवाटीने लावली जातात.

> पडताळणी. उगवल्यानंतर दहा दिवस रोज सकाळी रोपांचे बूड पाहावे. एखादे रोप मातीलगत दोऱ्यासारखे बारीक, पाणचट होऊन आडवे पडलेले दिसले तर तो रोपे कोलमडण्याचा रोग आहे. आजूबाजूच्या कप्प्यांसह ते काढून टाकावे, दोन दिवस पाणी तोडावे आणि ट्रे वाऱ्यावर ठेवावा. रोप मान टाकते म्हणून पाणी वाढवणे ही इथली नेहमीची चूक आहे, आणि तिने पूर्ण ट्रे जातो.

नर्सरीतून रोपे आणायची असतील तर फुललेली आणू नयेत. चार ते सहा पाने असलेले, कळी नसलेले, आखूड आणि जाड खोडाचे रोप निवडावे. पिशवीच्या बुडातून मुळांचा गुंता बाहेर आला असेल तर ते रोप म्हातारे झालेले असते. फुललेले रोप समितीला दाखवायला बरे, पण त्याची वाढ तिथेच थांबलेली असते.

## टप्पा ५: लागवड परतीच्या पावसानंतर

परतीचा पाऊस ऑक्टोबरभर केव्हाही येऊ शकतो. आकाश सलग आठवडाभर कोरडे राहिले आणि पहाटे गारवा जाणवू लागला की लागवडीची वेळ आली असे धरावे. आपल्याकडे ती बहुधा ऑक्टोबरच्या शेवटच्या किंवा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात येते.

जमिनीला वाफसा आला आहे की नाही हे हाताने पाहावे. बोटभर खोलीवरची मूठभर माती घट्ट दाबून तिचा लाडू करावा आणि कमरेच्या उंचीवरून सोडून द्यावा. लाडू फुटून भुगा झाला तर वाफसा आहे. तो चपटा होऊन चिकटून बसला तर अजून दोन-तीन दिवस थांबावे. लाडू वळलाच नाही तर आदल्या दिवशी वाफा भिजवावा. काळ्या मातीत ही परीक्षा टाळून चालत नाही, कारण ओल्या मातीत खुरपे फिरवले की झालेली ढेकळे पूर्ण हंगामभर फुटत नाहीत.

लागवडीआधी आठवडाभर रोपांचे पाणी कमी करावे आणि त्यांना रोज थोडे जास्त ऊन द्यावे. लागवड संध्याकाळी चारनंतर करावी. रोप ट्रेमध्ये जितके मातीत होते तितकेच वाफ्यात घालावे. झेंडू थोडा खोल गेला तरी चालतो, पिटुनिया आणि डायंथसचे बूड मात्र मातीखाली गेले की कुजते. लावल्यावर दोन बोटांनी माती दाबून लगेच पाणी द्यावे.

उंच झाडे मागे, म्हणजे उत्तरेच्या बाजूला, आणि बुटकी पुढे लावावीत. आफ्रिकन झेंडू आणि कॉसमॉस मागे, साल्व्हिया आणि ॲस्टर मध्ये, पिटुनिया, फ्रेंच झेंडू आणि डायंथस पुढे असा क्रम ठेवला तर मागच्यांची सावली पुढच्यांवर पडत नाही. रंगांबाबत सभेत वाद होतात. माझे मत विचाराल तर एका वाफ्यात तीनपेक्षा जास्त प्रकार घेऊ नयेत. प्रत्येक घराच्या आवडीचे एकेक रोप लावलेला वाफा रोपवाटिकेच्या काउंटरसारखा दिसतो, आणि प्रत्येकाची पाण्याची गरज वेगळी असल्याने कोणाचेच भले होत नाही.

## टप्पा ६: नोव्हेंबर ते फेब्रुवारीची निगा

पाणी. लागवडीनंतर पहिले आठ दिवस रोज थोडे, त्यानंतर काळ्या मातीत साधारण तीन दिवसांआड पुरते. तरी वार ठरवून पाणी देऊ नये. बोट दोन पेरे मातीत घालावे. ओल लागली तर पाणी पुढे ढकलावे. पाणी सकाळी, बुडाशी द्यावे, फुलांवर पाइपचा फवारा मारू नये. सोसायटीत पाणी देणारे दोन असले की एक सकाळी आणि दुसरा संध्याकाळी देतो आणि दोघांनाही ते कळत नाही. नळाशेजारी एक वही टांगून पाणी दिल्याची तारीख लिहिण्याची सवय लावली तर निम्मी मुळकूज थांबते.

आच्छादन. उसाचे पाचट आपल्याकडे गळीत हंगामात मागेल तितके मिळते. ते वीतभर लांबीचे तुकडे करून, रोपे हातभर झाल्यावर, पाच सेंटिमीटर जाडीने पसरावे. खोडापासून चार बोटे अंतर मोकळे सोडावे. आच्छादन नोव्हेंबरनंतरच करावे, पावसाळ्यात केले तर गोगलगायींना आयते घर मिळते.

शेंडा खुडणे. लागवडीनंतर तीन ते चार आठवड्यांनी झेंडूचा मुख्य शेंडा नखाने खुडावा. पहिली मोठी कळी त्यात जाते म्हणून रहिवासी हळहळतात, माळी घाबरून ते काम टाळतो, आणि मग एकाच दांड्यावर एक फूल घेऊन झाड उभे राहते. खुडल्यावर बाजूच्या फांद्या फुटतात आणि फुलांची संख्या वाढते. पिटुनियालाही हेच लागू आहे. कोंबड्याचा शेंडा मात्र खुडू नये, त्याचा तुरा शेंड्यावरच येतो.

खत. शेंडा खुडल्यावर १९:१९:१९ हे नत्र, स्फुरद व पालाश समप्रमाणात असलेले विद्राव्य खत एका लिटरला २ ते ३ ग्रॅम घेऊन पंधरा दिवसांनी एकदा बुडाशी द्यावे. जीवामृत करायचे असेल तर २० लिटर पाण्यात १ किलो ताजे शेण, १ लिटर गोमूत्र, २०० ग्रॅम गूळ, २०० ग्रॅम बेसन आणि मूठभर माती घालून सावलीत दोन-तीन दिवस ठेवावे व दिवसातून दोनदा ढवळावे. त्याने मातीतील जिवाणूंना चालना मिळते, पण वाफ्यात मुळात कंपोस्टच नसेल तर केवळ जीवामृताने काही होत नाही.

वाळलेली फुले. आठवड्यातून एकदा सुकलेली फुले देठासह कापावीत. बी धरू लागले की झाड नव्या कळ्या कमी काढते. तोडलेली फुले आणि देवाचे निर्माल्य एकत्र कंपोस्ट खड्ड्यात टाकावे, मात्र निर्माल्यातले दोरे आणि प्लास्टिक आधी काढावे.

कीड. मावा आणि तुडतुडे दिसले तर ५० ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, साबणाचे थोडे पाणी मिसळून संध्याकाळी फवारावे. फेब्रुवारीत ऊन तापू लागले की झेंडूच्या पानांवर बारीक पिवळे ठिपके आणि खालच्या बाजूने जाळी दिसते, ती लाल कोळ्याची. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा तीन-चार दिवस मारला तर तो बराच आटोक्यात येतो. या फुलांचे हार देवघरात जातात आणि मुले ती हाताळतात, म्हणून विषारी कीटकनाशक इथे शेवटचा नव्हे, वर्ज्य उपाय मानावा.

## टप्पा ७: शेवंती आणि रात्रीचा दिवा

शेवंतीचे तंत्र वेगळे असल्यामुळे तिला वेगळा टप्पा दिला आहे. ‘झाड भरगच्च आहे, कळी एक नाही’ ही तक्रार सोसायट्यांमधून सर्वांत जास्त ऐकू येते.

शेवंती कळ्या धरते ती रात्र मोठी होऊ लागल्यावर, आणि त्या रात्रीचा अंधार सलग असावा लागतो. मध्येच प्रकाश पडला तर झाड ती रात्र लहान समजते आणि पाने-फांद्या वाढवत राहते. फूल उत्पादक हेच तत्त्व वापरून पॉलिहाउसमध्ये रात्री दिवे लावतात आणि फुले हवी तेव्हा आणतात. सोसायटीत तेच काम सुरक्षेसाठी लावलेला दिवा नकळत करतो. डिसेंबरात अशा वाफ्याकडे नीट पाहिले तर खांबाच्या बाजूची झाडे हिरवीगार, कळीविरहित दिसतात, दिव्यापासून दूर गेलेल्या फांद्यांवर बटणाएवढ्या कळ्या दिसतात, आणि एकाच झाडाची दिव्याकडची बाजू रिकामी व पलीकडची फुललेली असेही आढळते. खत किंवा औषध घालून हे सुटत नाही.

उपाय तीन आहेत. दिव्याला झापड लावून प्रकाश फक्त वाटेवर पाडावा, किंवा माणूस आल्यावरच पेटणारा दिवा बसवावा, किंवा शेवंती कुंड्यांत लावून सप्टेंबरपासून अंधाऱ्या बाजूला ठेवावी आणि कळ्यांना रंग दिसू लागल्यावर प्रवेशद्वाराशी आणावी. दिव्याखालच्या वाफ्यात पिटुनिया लावावी, तिला हा प्रकाश बाधत नाही.

बाकीचा क्रम असा: फुले संपल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत, झाडे जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटरवर कापावीत. बुडातून ज्या काश्या फुटतात त्या मुळासह वेगळ्या करून लहान पिशव्यांत लावाव्यात आणि एप्रिल-मेच्या उन्हात विरळ सावलीत जगवाव्यात. जूनमध्ये त्या निचऱ्याच्या गादीवाफ्यावर किंवा कुंड्यांत जाव्यात. लागवडीनंतर चार आठवड्यांनी पहिला शेंडा खुडावा, त्यानंतर पुन्हा एकदा. ऑगस्ट संपल्यावर खुडणे थांबवावे. सप्टेंबर-ऑक्टोबरात ‘झाड फार वाढले’ म्हणून छाटणी केली तर कळ्याच कापल्या जातात.

## टप्पा ८: बी धरणे आणि वाफा रिकामा करणे

बी धरायचे तर फेब्रुवारीतच झाडे निवडून त्यांच्या खोडाला सुतळी बांधावी, म्हणजे माळी त्यांची फुले तोडणार नाही. निरोगी झाड, चांगला रंग आणि मध्यम उंची हे निकष पुरेत. फूल झाडावरच पूर्ण वाळू द्यावे. झेंडूच्या पुष्पकोशाचा देठ तपकिरी झाला की ते तोडावे आणि आठवडाभर सावलीत कागदावर वाळवावे. संकरित जातींचे बी धरण्यात अर्थ नाही, पुढची झाडे आईसारखी निघत नाहीत. पिटुनिया आणि मोठ्या फुलांचा झेंडू यांच्या पाकिटावर ‘एफ-१’ असे छापलेले असेल तर दरवर्षी बी विकतच घ्यावे.

बी कागदी पाकिटात घालून, ते झाकणाच्या बरणीत ठेवावे. पाकिटावर नाव, रंग, बी धरल्याचा महिना आणि वाफ्याची जागा लिहावी. बरणी समितीच्या कार्यालयातील कपाटात ठेवावी, एखाद्या सदस्याच्या घरी नको. घरभाडेकरू बदलतात आणि बरणी त्यांच्याबरोबर जाते.

मार्चच्या मध्यास वाफा रिकामा करताना निरोगी झाडे बुडाशी कापून मुळे मातीतच राहू द्यावीत. झेंडूच्या मुळांमुळे सूत्रकृमींना (मुळांना उपद्रव देणाऱ्या मातीतल्या सूक्ष्म कृमींना) आळा बसतो. मर रोग लागून सुकलेली ॲस्टरची झाडे मात्र मुळासकट उपटून आवाराबाहेर पाठवावीत, ती कंपोस्टमध्ये टाकू नयेत, आणि त्या वाफ्यात पुढची तीन वर्षे ॲस्टर लावू नये. उन्हाळ्यासाठी त्याच जागी पोर्टुलाका, सदाफुली किंवा सूर्यफूल घेता येते. पाण्याची टंचाई असेल तर काहीच न लावता वाफा खणून तापू द्यावा, आणि निचऱ्याचा खड्डा पुन्हा एकदा भरून पाहावा.